बर्फाचं तापमान, बर्फाला न शिवता

लाहौलमधली फेब्रुवारीतली निरभ्र पहाट. दोन मीटर उंचीवरचा हवेचा तापमापक उणे ९ अंश दाखवत होता आणि खांबावर खाली तोंड करून बसवलेला इन्फ्रारेड सेन्सर त्याच्याच खालच्या बर्फाचा पृष्ठभाग उणे १७ अंशांवर असल्याचं सांगत होता. आठ अंशांचा फरक बघून सेन्सर बिघडला असं पटकन वाटतं. बॅटरी घेऊन वाकून पाहिलं, तर बर्फावर रात्रीत उगवलेले पिसांसारखे, नखाएवढे स्फटिक चमकत होते. हवेतली वाफ पाणी न होता थेट त्या पृष्ठभागावर गोठली होती. पृष्ठभाग हवेपेक्षा बराच थंड झाल्याशिवाय असे स्फटिक वाढत नाहीत. सेन्सर खरं बोलत होता.

याच स्फटिकांवर पुढच्या वादळात हातभर बर्फ साचला की आत एक ठिसूळ थर गाडला जातो, आणि उतारावर हिमस्खलन बहुधा अशाच थरावरून सुटतं. म्हणून पृष्ठभागाचं तापमान नीट मोजणं ही माझ्या लेखी हौसेची गोष्ट नाही.

आपण मराठीत स्नोलाही बर्फ म्हणतो आणि आइसलाही. इथे बर्फ म्हणजे आकाशातून पडून जमिनीवर साठलेला भुसभुशीत बर्फ. उदाहरणं हिमाचलमधल्या लाहौल-स्पितीची आहेत, कारण तिथल्या अडचणी मला माहीत आहेत. गोव्यात वास्कोला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमांश’ हे संशोधन केंद्रही याच भागात, ४,००० मीटरहून उंचावर, २०१६ पासून आहे. समुद्रकाठी बसलेल्या माणसांनी हिमनद्यांचा हिशोब ठेवावा, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

एका अंशाची किंमत

बर्फ सतत उष्णता बाहेर टाकत असतो. शून्य अंशाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३१६ वॅट उत्सर्जित करतो, उणे १० अंशांचा सुमारे २७२ वॅट. उणे १० च्या आसपास तापमानात एका अंशाची चूक झाली, तर उत्सर्जनात चारेक वॅटची चूक होते. ही चूक दिवसभर तशीच राहिली, तर तेवढ्या ऊर्जेत एक मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळतो. संपूर्ण हंगामाचा हिशोब करताना या मिलिमीटरची बेरीज चांगलीच जड होते.

दुसरा हिशोब वाफेचा. लाहौलसारख्या कोरड्या, वाऱ्याच्या भागात बराच बर्फ न वितळताच उडून जातो. तो किती उडेल हे पृष्ठभागाजवळच्या बाष्पदाबावर ठरतं. बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला बर्फालगतच्या हवेत वाफेचा जास्तीत जास्त दाब, उणे १० ला सुमारे २.६० हेक्टोपास्कल असतो, उणे ९ ला २.८४. इथे एका अंशाची चूक नऊ टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे ‘एखाद्या अंशानं काय फरक पडतो’ हे वाक्य या कामात चालत नाही. आपल्याला अर्ध्या अंशाच्या आत राहायचं आहे.

साधा तापमापक का चालत नाही

बर्फात तापमापक खुपसला की तो पृष्ठभागाचं तापमान दाखवत नाही, काही सेंटिमीटर आतलं दाखवतो. नुसता वर टेकवला, तर अर्धा हवेत राहतो. उन्हात आणखी वाईट. ऊन बर्फात काही सेंटिमीटर आत शिरतं. बर्फ ते फारसं शोषत नाही, पण तापमापकाची धातूची नळी किंवा वायर शोषते. तापमापक स्वतः तापतो, भोवतीचा बर्फ वितळवून खड्डा करतो आणि त्या खड्ड्याचं तापमान आपल्याला देतो.

इन्फ्रारेड सेन्सर पृष्ठभागाला शिवतच नाही. तो पृष्ठभागाकडून येणारे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण मोजतो. डोळ्याला पांढराशुभ्र दिसणारा बर्फ या किरणांच्या बाबतीत जवळजवळ काजळासारखा काळा असतो. त्याची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत तो किती उष्णता बाहेर टाकतो याचं प्रमाण, ०.९७ ते ०.९९ असते, ताज्या, बारीक कणांच्या बर्फाची वरच्या टोकाला, तर जुन्या, जाड कणांच्या किंवा वर कडक कवच धरलेल्या बर्फाची थोडी खाली. शिवाय हे किरण पृष्ठभागाच्या अगदी वरच्या, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ थरातून येतात. आपल्याला हवा तोच थर.

मात्र सेन्सरपर्यंत पोचणारं सगळंच बर्फाचं नसतं. त्यात बर्फाने परावर्तित केलेलं आकाश मिसळलेलं असतं, आणि सेन्सरचं स्वतःचं अंग किती गरम आहे यावरही आकडा अवलंबून असतो. पुढची सगळी मेहनत या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी आहे.

सेन्सर निवडताना

कायमस्वरूपी केंद्रासाठी अपोजी कंपनीचा एसआय-१११ किंवा त्याच कुळातला डिजिटल सेन्सर बरेच जण वापरतात. तो ८ ते १४ मायक्रॉनमध्ये बघतो, दृष्टिक्षेत्राचा अर्धकोन २२ अंश, आणि सेन्सरच्या अंगात व लक्ष्यात २० अंशांपेक्षा कमी फरक असेल, तर अचूकता उणे-अधिक ०.२ अंश. शेवटची अट नीट वाचा. बर्फ उणे १५ वर आणि उन्हात तापलेला सेन्सर अधिक ८ वर असेल, तर ती अचूकता मिळणार नाही. म्हणून सेन्सरला पांढरी टोपी किंवा सावली हवीच.

शिकण्यासाठी किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी एमएलएक्स९०६१४ ही मेलेक्सिसची चिप चांगली आहे. तिची विभेदनक्षमता, म्हणजे ती वेगळा दाखवू शकेल असा सर्वांत लहान फरक, ०.०२ अंश आहे, पण हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. विभेदनक्षमता म्हणजे अचूकता नव्हे. तिची अर्ध्या अंशाची अचूकता ० ते ५० अंशांच्या पट्ट्यासाठी आहे. शून्याखाली ती सैल होते, आणि आपलं सगळं काम शून्याखालीच आहे. ही चिप घेतलीत, तर प्रत्येक नग स्वतः पडताळून त्याचा दुरुस्ती-तक्ता तयार करायला पर्याय नाही. तिचे प्रकारही बघून घ्या: काहींचं दृष्टिक्षेत्र ९० अंशांचं आहे, काहींचं १० किंवा ५ अंशांचं. खांबावर ९० अंशांची चिप बसवलीत, तर ती खांबही बघणार.

दृष्टिक्षेत्राच्या व्याख्येतही खोच आहे. कुणी अर्धा संकेत जेवढ्या कोनातून येतो तेवढा कोन छापतं, कुणी ९८ टक्के संकेताचा. एकाच्या पत्रकावरचा कोन दुसऱ्याशी थेट ताडू नका.

आणखी एक गोष्ट जरूर बघा: सेन्सर स्वतःच्या अंगाचं तापमान वेगळं देतो का. देत नसेल, तर तो घेऊ नका. पुढे बिघाड ओळखण्याचं सर्वांत खात्रीचं साधन तेच आहे.

डोंगरावर नेण्याआधी, घरी

पडताळणीचा पहिला बिंदू शून्य अंश. बर्फाचा चुरा आणि पाणी यांचं दाट मिश्रण ढवळत ठेवलं की ते शून्यावर थांबतं. शक्यतो डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ करा. पण सेन्सर थेट या मिश्रणावर रोखू नका. पाण्याची उत्सर्जकता ०.९८ धरली आणि खोली २५ अंशांवर असली, तर भिंतींचं आणि छताचं परावर्तन मिसळून परिपूर्ण सेन्सरही अधिक ०.६ च्या जवळपास दाखवेल. तुम्ही तो ०.६ सेन्सरचा दोष समजून वजा कराल आणि चांगल्या सेन्सरला कायमची चूक चिकटवाल. ही चूक मी स्वतः केली आहे. एक अख्खा हिवाळा त्या आकड्यांवर विश्वास ठेवला आणि वसंतात वितळणारा बर्फ उणे दीड दाखवू लागला, तेव्हा ती उघड झाली.

उपाय साधा आहे. स्टीलचा उभा, अरुंद डबा घ्या, खोली तोंडाच्या किमान तिप्पट. आतून फळ्याला देतात तो बिनचकाकीचा काळा रंग द्या आणि दोन दिवस वाळू द्या. डबा काठापर्यंत मिश्रणात बुडवा, आत पाणी जाऊ देऊ नका, आणि सेन्सर तोंडाशी धरून आत बघू द्या. खोल काळ्या पोकळीत किरण आत गेला की भिंतींवर आपटत राहतो, बाहेर पडत नाही. त्यामुळे खोलीचं परावर्तन जवळजवळ नाहीसं होतं आणि डबा एकपर्यंत पोचलेल्या उत्सर्जकतेसारखा वागतो.

शून्याखालच्या बिंदूसाठी आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पॉट आइस्क्रीमची युक्ती वापरायची. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, वजनाने. मिठाच्या मिश्रणाची तळाची मर्यादा उणे २१ च्या आसपास आहे. घरात उणे १५ ते उणे १८ सहज मिळतं. माझी पहिली दोन मिश्रणं टिकेनात तेव्हा आई म्हणाली, “अरे, बारीक मीठ नको घेऊस, खडे मीठ घे. आणि पाणी झालं की काढत जा.” तिसऱ्या वेळी तापमान अर्धा तास हललं नाही. हे मिश्रण शून्यासारखं ठरावीक अंशावर थांबत नाही, म्हणून त्यात खात्रीचा प्लॅटिनम तापमापक बुडवून ठेवा आणि आकडा त्याच्याशी ताडा.

थंड डब्यात खोलीतली वाफ दव आणि हिमाच्या रूपात जमते. म्हणून हे काम पावसाळ्यात करू नका. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत करा, डबा पुसून लगेच वाचन घ्या. प्रत्येक बिंदूवर सेन्सरच्या अंगाचं तापमानही लिहा. जमलं, तर सेन्सर एकदा खोलीच्या तापमानाला आणि एकदा तासभर फ्रिजमध्ये ठेवून तेच बिंदू पुन्हा घ्या. खरी परीक्षा इथे होते: लक्ष्य तेच आणि अंग वेगळं असताना आकडा बदलला, तर सेन्सर आपल्या अंगाची वजावट नीट करत नाही.

खांब, दांडा आणि कोन

आधी जागा. तिथे सपाट, सारखा बर्फ साठायला हवा. वाऱ्याने एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला उघडे दगड पडतात अशी नको. पीर पंजालच्या दक्षिणेला सोलंग-धुंदीकडे हंगामात कित्येक मीटर बर्फ पडतो, पलीकडे लाहौलमध्ये त्यापेक्षा कमी, कारण ढग आपलं ओझं अलीकडेच टाकून येतात. खांबाची उंची त्या ठिकाणच्या सर्वांत मोठ्या साठ्यापेक्षा किमान दीड-दोन मीटर जास्त ठेवा. सेन्सर गाडला गेला, तर तो बर्फाच्या आतलं तापमान मोठ्या विश्वासाने नोंदवत राहतो.

आडवा दांडा खांबाच्या दक्षिणेला काढा. आपल्या गोलार्धात खांबाची सावली मग उत्तरेला पडते, सेन्सर बघतो त्या तुकड्यावर नाही. सपाट जागी सेन्सर सरळ खाली बघू द्या. उतारावर उताराला काटकोनात.

सेन्सर नेमका किती बर्फ बघतो हे कागदावर काढा. अर्धकोन २२ अंश, उंची २ मीटर: त्रिज्या २ गुणिले २२ अंशांची टॅन, म्हणजे ८१ सेंटिमीटर, व्यास १.६ मीटर. दांडा सव्वा मीटरचा असेल, तर खांब बाहेर राहतो. पण सेन्सर ३० अंश तिरका केलात, तर जवळची कड सेन्सरच्या थेट खालच्या बिंदूपासून २८ सेंटिमीटरवर येते आणि लांबची २.५६ मीटरवर जाते. त्या लांबच्या कडेला किरण ५२ अंशांच्या तिरप्या कोनातून येतात. बर्फाची उत्सर्जकता तिरप्या कोनात कमी होत जाते आणि ६० अंशांपलीकडे झपाट्याने घसरते. तितकं आकाशाचं परावर्तन वाढतं. तिरका करणं भाग पडलं, तर लांबची कड ६० च्या आत राहील इतकाच करा. बर्फ वाढेल तशी उंची घटते आणि बघितला जाणारा तुकडा लहान होतो, म्हणून शेजारी बर्फाची उंची मोजणारा सेन्सर असेल, तर सोन्याहून पिवळं.

सरळ खाली बघण्याचा आणखी एक फायदा: भिंगावर बर्फ साचत नाही. तरी हिमाचा थर कधीकधी धरतोच, विशेषतः दमट, वाराहीन रात्री. त्याची ओळख पुढे सांगतो.

केबलसाठी दांड्यावर एक थेंबवळण द्या, म्हणजे वितळलेलं पाणी केबलवरून सेन्सरच्या पाठीत न जाता वळणावरून खाली पडेल. एसआय-१११ सारख्या अॅनालॉग सेन्सरचा संकेत एका अंशाला काही दशक मायक्रोव्होल्ट इतका नाजूक असतो; केबल शिल्डवाली घ्या, शिल्ड फक्त लॉगरच्या (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राच्या) टोकाला जोडा आणि मापन डिफरन्शियल पद्धतीने, म्हणजे दोन तारांमधला फरक मोजून, करा. बॅटरीच्या बाबतीत एकच नियम पक्का लक्षात ठेवा: साधी लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, ती कायमची बिघडते. लेड-अॅसिड थंडीत क्षमता गमावते, पण टिकते. ती मोठी घ्या आणि खोक्यात बर्फाखाली गाडा. सोलर पॅनल जवळजवळ उभं लावा, म्हणजे बर्फ घसरून पडेल आणि खालच्या बर्फावरून उसळलेलं ऊनही मिळेल.

आकाशाची वजावट

बहुतेक आकडे इथेच चुकतात. म्हणून या भागावर मी सर्वांत जास्त शब्द खर्च करणार आहे.

बर्फाची उत्सर्जकता ०.९८ म्हणजे उरलेले दोन टक्के तो परावर्तित करतो. खोलीत दोन टक्के म्हणजे काहीच नाही. पण ४,००० मीटरवर, कोरड्या निरभ्र रात्री, ८ ते १४ मायक्रॉनमध्ये बघणाऱ्या सेन्सरला डोक्यावरचं आकाश उणे ५० किंवा त्याहूनही थंड दिसतं. हवा विरळ, तिच्यात पाण्याची वाफ नगण्य. या पट्ट्यात खाली उष्णता पाठवायला वर फारसं काही नसतंच. मग बर्फाच्या किरणांतले दोन टक्के जातात आणि त्यांच्या जागी या गोठलेल्या आकाशाचे दोन टक्के येतात. सेन्सरला बर्फ आहे त्याहून थंड दिसतो.

हिशोब असा. सगळी तापमानं केल्विनमध्ये घ्या, म्हणजे अंशांत २७३.१५ मिळवा. सेन्सरने दाखवलेल्या तापमानाचा चौथा घात काढा. त्यातून आकाशाच्या तापमानाचा चौथा घात गुणिले (१ वजा उत्सर्जकता) वजा करा. आलेल्या आकड्याला उत्सर्जकतेने भागा. त्याचं चौथं मूळ म्हणजे पृष्ठभागाचं खरं तापमान.

सेन्सर उणे १०.० दाखवतो, आकाश उणे ६०, उत्सर्जकता ०.९८. उत्तर येतं उणे ९.२. पाऊण अंशाचा फरक. उत्सर्जकता ०.९९ धरली, तर उणे ९.६. आता तोच सेन्सर, तेच उणे १०.०, पण खाली उतरलेले ढग आणि आकाश उणे ५: उत्तर उणे १०.१. म्हणजे निरभ्र रात्री पाऊण अंशाची चूक आणि ढगाळ रात्री जवळजवळ शून्य. ही चूक स्थिर असती, तर एकदाच वजा करून मोकळे झालो असतो. ती हवामानाबरोबर बदलते, म्हणून आकाश मोजावंच लागतं.

चौथा घात सगळ्या तरंगलांबींच्या बेरजेसाठी खरा आहे. ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यासाठी घात प्रत्यक्षात पाचच्या जवळ जातो. वरच्या उदाहरणात त्याने अंशाच्या काही शतांशांचाच फरक पडतो. कंपनीने पट्ट्याचं सूत्र दिलं असेल, तर ते वापरा. नसेल, तर चौथ्या घातावर काम चालतं.

आकाश मोजायला उत्तम उपाय म्हणजे त्याच जातीचा दुसरा सेन्सर, वर तोंड करून. जात तीच हवी, कारण पट्टा तोच हवा. केंद्रावर आकाशाची दीर्घतरंग प्रारणं मोजणारा पायरजिओमीटर असेल, तर त्यावरून काढलेलं आकाशाचं तापमान थोडं उबदार येतं. तो ८ ते १४ च्या खिडकीबाहेरच्या तरंगलांबीही मोजतो आणि त्या भागांत हवा बरीच उष्णता पाठवते. ते वापरलंत, तर दुरुस्ती गरजेपेक्षा कमी होईल. वरचा सेन्सर नेमका मध्यावर रोखलात, तर सर्वांत थंड तुकडा दिसतो आणि दुरुस्ती किंचित जास्त होते, कारण क्षितिजाकडचं आकाश उबदार असतं. रुंद दृष्टिक्षेत्राचा सेन्सर इथे बरा. त्याच्यावर बर्फ पडणार हे गृहीत धरा. दर भेटीत पुसा आणि बर्फवृष्टीनंतरचे तास संशयाने बघा.

चंद्रा नदीसारख्या अरुंद खोऱ्यात आणखी एक गोष्ट येते. बर्फ फक्त आकाश बघत नाही, समोरचे कडेही बघतो, आणि ते कडे आकाशापेक्षा कितीतरी उबदार असतात. डोंगरांनी क्षितिजाचा एकतृतीयांश भाग व्यापला असेल, तर सगळी वजावट आकाशाच्या नावाने करू नका. जागेवरून चारही बाजूंच्या डोंगरांचे उंचीकोन मोजून ठेवले की हा हिस्सा काढता येतो.

एमएलएक्स९०६१४ वापरणाऱ्यांनी इथे थांबावं. तिच्या स्मृतीत उत्सर्जकता बदलता येते, आणि बर्फासाठी ०.९८ लिहून टाकावं असा मोह होतो. लिहू नका. उत्सर्जकता कमी केली की चिप असं धरते की परावर्तित हिस्सा तिच्याच अंगाइतक्या उबदार परिसरातून येतो. आपल्या बाबतीत तो उणे ६० च्या आकाशातून येत असतो. म्हणजे दुरुस्ती चुकतेच, शिवाय उलट्या दिशेला जाते. उत्सर्जकता एकावर ठेवा आणि वरचा हिशोब स्वतः करा.

काय काय नोंदवायचं

दर १० किंवा ३० सेकंदांनी वाचन आणि दर १० मिनिटांनी सरासरी एवढं पुरतं. सरासरीबरोबर त्या दहा मिनिटांतलं किमान आणि कमाल ठेवा. सेन्सरच्या अंगाचं तापमान, वरच्या सेन्सरचं वाचन, हवेचं तापमान आणि बर्फाची उंची याच वेळेच्या रांगेत असू द्या. मूळ आकडा कधीही पुसू नका; दुरुस्त केलेला आकडा वेगळ्या स्तंभात. पुढे कुणाला उत्सर्जकता ०.९८ ऐवजी ०.९९ घ्यावीशी वाटली, तर मूळ आकड्याशिवाय त्याच्या हाती काही राहत नाही.

सोबत एक वही ठेवा. कोणत्या दिवशी पोचलो, भिंगावर काय दिसलं, काय पुसलं, बर्फ ताजा की कवच धरलेला, मळलेला की स्वच्छ. पायाचे ठसे सेन्सर बघतो त्या तुकड्यावर पडू देऊ नका. पहिल्याच दिवशी दोरी बांधून तो वेगळा करा.

आकडा खरा की खोटा

बर्फाने आपल्याला एक फुकटचं प्रमाण देऊन ठेवलं आहे. तो शून्याच्या वर जाऊच शकत नाही. त्यापुढे येणारी उष्णता वितळण्यात खर्च होते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आलेख वर चढतो आणि तासन्‌तास एका सपाट रेषेवर थांबतो. ती रेषा कुठे थांबते ते बघा. आकाशाची वजावट केल्यानंतर ती उणे-अधिक ०.२ मध्ये असेल, तर सेन्सर, उत्सर्जकता आणि वजावट तिन्ही ठीक आहेत. वजावट न केलेला आकडा निरभ्र दुपारी उणे ०.९ च्या आसपास आणि ढगाळ दुपारी शून्यालगत थांबताना दिसेल. दोन दुपारींमधला हा फरकच सांगतो की दोष सेन्सरचा नसून परावर्तनाचा आहे. निरभ्र आणि ढगाळ, दोन्ही वेळा वजावटीनंतर सारखीच उणे ०.४ राहिली, तर ती सेन्सरची सरकलेली शून्यरेषा. ती वहीत लिहून पूर्ण हंगामातून काढा.

रेषा शून्याच्या वर गेली, तर आधी जमिनीकडे बघा. पातळ बर्फातून दगड, गवत किंवा काळी माती डोकावली की सेन्सर मिश्र तापमान देतो. अधिक ४ दिसलं, तर बर्फ तुकड्यातुकड्यांनी राहिला आहे. ते तास बर्फाच्या हिशोबातून वगळा.

दुसरी परीक्षा लक्ष्य आणि अंग यांच्या फरकाची. निरभ्र रात्री पृष्ठभाग सेन्सरच्या अंगापेक्षा कित्येक अंश थंड असायला हवा. हे दोन्ही आकडे तासन्‌तास अर्ध्या अंशाच्या आत चिकटून चालले, तर भिंगावर हिम बसलं आहे; सेन्सर आपल्याच अंगाला चिकटलेल्या त्या थराचं तापमान मोजतोय. ढगाळ, वाऱ्याच्या रात्री मात्र दोन्ही खरोखर जवळ येतात, म्हणून वरच्या सेन्सरचा आकडा बघूनच निकाल द्या.

केंद्रावर चार घटकांचा प्रारणमापक (खाली येणारं आणि वर जाणारं ऊन व उष्णता वेगवेगळी मोजणारा) असेल, तर बर्फाकडून वर जाणाऱ्या प्रारणातून पृष्ठभागाचं तापमान स्वतंत्रपणे काढता येतं आणि दोन आकडे शेजारी ठेवता येतात. मी तरी वितळणाऱ्या बर्फाच्या रेषेवर जास्त भरवसा ठेवतो.

हातातल्या गनने

मनालीला किंवा स्पितीला जाणारे ट्रेकर हल्ली इन्फ्रारेड गन बाळगतात. तिच्याने उपयोगी मापन होतं, पण शिस्त पाळली तरच. आधी पाठीवर लिहिलेली वापराची मर्यादा वाचा. बऱ्याच स्वस्त गन ० ते ५० अंशांच्या हवेतच वापरायच्या असतात. जॅकेटच्या खिशातून काढून लगेच रोखू नका. अर्धा तास सावलीत, बाहेर ठेवा, तिचं अंग हवेइतकं थंड होऊ द्या. तोवर आकडा सरकत राहतो आणि ते डोळ्यांना दिसतं. १२:१ लिहिलं असेल, तर ६० सेंटिमीटरवरून ती ५ सेंटिमीटरचा ठिपका बघते. कंबरेतून वाकून सरळ खाली रोखा, पण बूट आणि स्वतःची सावली त्या ठिपक्यात येऊ देऊ नका. पाच जागी पाच वाचनं घ्या आणि मधलं वाचन लिहा.

उत्सर्जकता बदलता येत असेल, तर १.०० करा. ती ०.९५ वर पक्की असेल, तर गन वितळणाऱ्या बर्फावर रोखून ढगाळ दिवशी किती चुकते ते बघून ठेवा. मग तीच गन वर आकाशाकडे रोखा, सूर्याकडे नाही. पडद्यावर ‘लो’ असं आलं, तर आकाश तिच्या पल्ल्याखाली आहे. पल्ल्याची खालची मर्यादा उणे ५० असेल, तर हिशोबात उणे ५० धरा आणि वहीत तसं लिहा.